एका छातीत दोन यंत्रे

एका माणसाच्या अंगात दोन यंत्रे आहेत. खांद्याखाली पेसमेकर, पोटाच्या कातडीखाली डिफिब्रिलेटर. हृदय मंदावले की ठोका द्यायचा हे पेसमेकरचे काम. हृदय बेभान फडफडू लागले की शॉक देऊन ती फडफड मोडायची हे डिफिब्रिलेटरचे. एके रात्री या हृदयाला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होते. निलयांचे आकुंचन संपते, नुसती थरथर उरते, रक्त पुढे सरकत नाही. या थरथरीच्या विद्युतलहरी इतक्या बारीक असतात की पेसमेकरला त्या जाणवतच नाहीत. त्याच्या लेखी हृदय गप्प झाले आहे. म्हणून तो ठरवून दिल्याप्रमाणे मिनिटाला ७० स्पंद सोडू लागतो. ते उंच, नियमित स्पंद डिफिब्रिलेटरला स्पष्ट दिसतात आणि तो त्यांनाच हृदयाचे ठोके समजतो. मिनिटाला ७० ठोके, म्हणजे सारे ठीक. तो शॉक देत नाही.

दोन्ही यंत्रे शाबूत आहेत. दोघांच्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत, तारा अखंड आहेत, आणि दोघांनीही आपापल्या नियमाप्रमाणेच काम केले आहे. तरी माणूस हातचा जातो.

हा प्रसंग मी समजावून सांगण्यासाठी रचला आहे, पण त्यातली यंत्रणा खरी आहे. १९८० च्या दशकात पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर वेगवेगळे बसवले जात. तेव्हा टेबलावर मुद्दाम फिब्रिलेशन घडवून तपासणी करताना डिफिब्रिलेटर असा गप्प राहिलेला डॉक्टरांनी पाहिला आणि वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवला. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. शरीरात बसवलेले एक हृदययंत्र विजेचा उपचार करते, तेव्हा शेजारच्या यंत्राला त्याचा काय अर्थ लागतो आणि ते काय करून बसते?

हा विषय तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी ठेवावा असे मला वाटत नाही. प्रत्येक यंत्राला मंजुरी मिळते ती मुख्यतः त्या एका यंत्राच्या चाचण्यांवर. ते बसवणारा डॉक्टर त्याची काळजी घेतो, कंपनीचा माणूस त्याची सेटिंग्ज पाहतो. पण पहिले यंत्र एका शहरात, दुसरे आठ वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या डॉक्टरने बसवले, तर त्या जोडीची जबाबदारी कोणाची? ती कोणीतरी स्वतःहून अंगावर घेतली तरच कोणाची असते. म्हणून रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हा विषय कळला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आधी ही यंत्रे जगाला कशी ओळखतात ते पाहू. यंत्राला हृदय दिसत नाही, नाडी लागत नाही, माणूस उभा आहे की कोसळला हे कळत नाही. त्याला कळतो तो दोन इलेक्ट्रोडमधल्या व्होल्टेजचा फरक. निलयात रोवलेल्या लीडला, म्हणजे यंत्रापासून हृदयात जाणाऱ्या तारेला, निरोगी ठोका साधारण ५ ते २० मिलिव्होल्टचा दिसतो. फिब्रिलेशनच्या लहरी कधी कधी १ मिलिव्होल्टच्याही खाली जातात. पेसमेकर जो स्पंद सोडतो तो असतो २ ते ५ व्होल्टचा आणि टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. डिफिब्रिलेटरचा शॉक ७०० ते ८०० व्होल्टचा, ३० ते ४० ज्यूलचा. ऊर्जेच्या हिशेबात असा एक शॉक म्हणजे पेसमेकरचे लक्षावधी स्पंद. आणि व्होल्टेजच्या हिशेबात, जी लहर टिपता आली नाही तर माणूस मरतो ती लहर आणि तिच्यावरचा उपचार यांत दहा लाख पटींचे अंतर आहे. ढोल-ताशांच्या पथकात उभे राहून शेजारच्याची कुजबुज ऐकावी, तसे काम या यंत्रांना रात्रंदिवस करावे लागते.

स्वतःच्या आवाजापासून बचाव करणे त्यातल्या त्यात सोपे. आपण स्पंद केव्हा सोडणार हे यंत्राला ठाऊक असते, त्यामुळे तेवढ्यापुरते ते आपले कान मिटून घेते. पण शेजारी केव्हा बोलणार याची त्याला कल्पना नसते. या पुस्तकातल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

शरीरात बसवलेल्या पहिल्या पेसमेकरला ही अडचण नव्हती, कारण त्याला कानच नव्हते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ऑके सेनिंग यांनी अभियंता रून एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला. लार्सन यांचे हृदय दिवसातून अनेकदा थांबत असे आणि ते बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नीने या दोघांचा पिच्छा पुरवला म्हणून ते यंत्र घाईने तयार झाले, बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून रेझिनमध्ये ओतलेले. पहिले काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले, वयाच्या ८६ व्या वर्षी कर्करोगाने गेले, आणि तोपर्यंत त्यांच्या शरीरात एकामागून एक २६ पेसमेकर येऊन गेले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

त्या पहिल्या यंत्राला एकच गोष्ट येत होती, ठरावीक गतीने स्पंद सोडत राहणे. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तरी ते थांबत नसे. त्यात धोका होता. स्पंद चुकून हृदयाच्या नाजूक क्षणी पडला तर त्यानेच फिब्रिलेशन सुरू होऊ शकते. या धोक्यावर उपाय शोधला बरूख बर्कोव्हिट्स या अभियंत्याने. १९६० च्या दशकात त्यांनी डिमांड पेसमेकर घडवला. हा आधी ऐकतो, हृदयाने ठोका दिला तर गप्प राहतो, दिला नाही तरच बोलतो. आज जगातला जवळजवळ प्रत्येक पेसमेकर याच तत्त्वावर चालतो. यंत्राला ऐकायला शिकवले, त्या दिवसापासून त्याची फसगतही होऊ शकते. या विषयाचा जन्म मी त्या दिवसापासून मोजतो.

याच बर्कोव्हिट्स यांनी बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांच्याबरोबर डीसी शॉक देणारे यंत्रही तयार केले होते. रुग्णालयात छातीवर पॅडल ठेवून शॉक देण्याची आजची पद्धत त्या कामातून रुजली. म्हणजे हळू आवाज ऐकणारे यंत्र आणि सर्वांत मोठा आवाज करणारे यंत्र, दोन्हींमागे एकाच माणसाचे डोके होते. पुढे या दोन्हींना एकाच शरीरात नांदवायचे ठरले तेव्हा मात्र ते काम दुसऱ्यांच्या वाट्याला आले.

शॉक देणारे यंत्र शरीरात नेणारे मिशेल मिरोव्स्की यांची गोष्ट मराठी वाचकाला फारशी परिचित नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. त्यांचा जन्म १९२४ चा, वॉर्सामधला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा मुलगा घर सोडून पूर्वेकडे निसटला. युद्धानंतर परतला तेव्हा घरातले कोणी उरले नव्हते. फ्रान्समध्ये लिऑनला वैद्यक शिकून ते इस्राएलमध्ये गेले. तिथे त्यांचे वरिष्ठ आणि गुरू प्राध्यापक हॅरी हेलर यांना हृदयाच्या वेगवान लयीचे झटके येऊ लागले. मिरोव्स्कींना कळत होते की पुढचा झटका रुग्णालयाबाहेर आला तर काहीच करता येणार नाही. १९६६ मध्ये हेलर गेले, आणि शॉक देणारे यंत्र शरीराच्या आतच बसवले पाहिजे या विचाराने मिरोव्स्कींना जे पछाडले ते आयुष्यभर. १९६८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात गेले. तिथे मॉर्टन मॉवर हे तरुण सहकारी भेटले आणि दोघांनी काम सुरू केले.

पैसा नव्हता, पाठिंबा तर त्याहून कमी. १९७२ मध्ये खुद्द लाऊन यांनी ‘सर्क्युलेशन’ या प्रतिष्ठित नियतकालिकातून या कल्पनेवर कडाडून टीका केली. मिरोव्स्की आणि मॉवर यांनी कुत्र्यावरच्या प्रयोगाची फिल्म दाखवली. फिब्रिलेशन होऊन कोसळलेला कुत्रा आतल्या यंत्राने शॉक दिल्यावर उठतो, शेपूट हलवतो. तरी कुत्र्याला तसे शिकवले असेल अशी शंका घेतली गेली. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेव्ही वॉटकिन्स या शल्यचिकित्सकांनी पहिले यंत्र एका रुग्णात बसवले. अमेरिकी सरकारची मंजुरी १९८५ मध्ये आली. आज ज्याला आपण आयसीडी म्हणतो ते हेच. लाऊन मोठे डॉक्टर होते, त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होते. तरी त्या काळात मिरोव्स्कींनी जी चिकाटी दाखवली तिच्यापुढे माझे मस्तक नम्र होते.

पण त्या पहिल्या यंत्रांत एक गोष्ट नव्हती. त्यांना शॉक देता येई, पेसिंग करता येत नसे. ज्या रुग्णाचे हृदय कधी बेफाम पळते आणि कधी अगदी मंदावते, त्याला दोन्ही यंत्रे लागत. असे रुग्ण थोडे नव्हते. ज्या आजाराने हृदयाचे स्नायू खराब होतात तोच आजार अनेकदा त्याच्या आतल्या विजेच्या वाटाही बिघडवतो. म्हणून पोटात पाव किलोच्या आसपासचा डिफिब्रिलेटर आणि खांद्याखाली पेसमेकर, अशी जोडी एका शरीरात येऊ लागली. त्यांच्यातले सारे घोळ डॉक्टरांना एकेक करून सापडत गेले.

डिफिब्रिलेटर गप्प राहण्याचा घोळ वर सांगितलाच. त्याचे एक बारीक अंग सांगायला हवे. फिब्रिलेशनच्या लहरी लहानमोठ्या होत असल्यामुळे डिफिब्रिलेटरचे कान आवाजाप्रमाणे आपोआप तीक्ष्ण किंवा बोथट होतात. मोठा सिग्नल आला की ते आपली संवेदनशीलता कमी करतात, शांतता असली की वाढवतात. पेसमेकरचे उंच स्पंद ऐन फिब्रिलेशनमध्ये येत राहिले की कान सतत बोथटच राहतात आणि मधली थरथर ऐकूच येत नाही. जी सोय फिब्रिलेशन पकडण्यासाठी केली, तीच शेजाऱ्यामुळे उलटते.

याच्या उलटही घडते. पेसमेकरचा स्पंद आणि त्यामुळे उमटलेला हृदयाचा ठोका, या एकाच घटनेला डिफिब्रिलेटर दोन ठोके मोजतो. ७० चे १४० होतात. अलिंद आणि निलय दोन्हीकडे पेसिंग असेल तर एका ठोक्याचे तीनही मोजले जाऊ शकतात. गती धोक्याच्या रेषेपलीकडे गेली असे ठरवून यंत्र शुद्धीवर असलेल्या, जेवत बसलेल्या माणसाला शॉक देते. ज्यांनी तो अनुभवला ते छातीवर आतून लाथ बसल्यासारखे वाटते असे सांगतात. पुढचा शॉक केव्हा येईल या धास्तीने घराबाहेर न पडणारी माणसे आहेत. हे दुःख अहवालांतल्या ‘अनावश्यक शॉक’ या दोन शब्दांत मावत नाही.

आता दिशा बदलू. डिफिब्रिलेटरने शॉक दिला, तो योग्यही होता, तर शेजारच्या पेसमेकरचे काय होते? पेसमेकरच्या आत नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ते वाचावे म्हणून त्यात झेनर डायोडसारखे संरक्षक घटक बसवलेले असतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की ते विजेला आडवाटेने जाऊ देतात. मंडल वाचते, पण ती वीज लीडमधून हृदयात रोवलेल्या टोकाकडे जाऊ शकते आणि टोकाला टेकलेल्या पेशी भाजतात. शॉकनंतर काही काळ त्या जागेला जाग यायला नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि ज्या क्षणी ठोक्याची सर्वांत गरज असते त्याच क्षणी पेसमेकरचा स्पंद वाया जातो. म्हणून पुढच्या आयसीडींत शॉकनंतर काही काळ जास्त जोराचे पेसिंग करण्याची सोय आली.

दुसरे म्हणजे शॉकने पेसमेकरची स्मृती विस्कटू शकते. तसे झाले तर तो डॉक्टरांनी घातलेली सेटिंग्ज सोडून कारखान्यात ठरवलेल्या राखीव अवस्थेत जातो. एरवी ही चांगली सोय आहे, निदान ठोका तरी चालू राहतो. पण काही पेसमेकरांची राखीव अवस्था युनिपोलर होती, आणि घात तिथे होता. बायपोलर पेसिंगमध्ये वीज लीडच्या टोकाजवळच्या दोन इलेक्ट्रोडमध्येच फिरते आणि तिचा आवाज लहान राहतो. युनिपोलरमध्ये ती लीडच्या टोकापासून खांद्याखालच्या डबीपर्यंत सारी छाती ओलांडून जाते. डिफिब्रिलेटरला हा स्पंद प्रचंड दिसतो. आता साखळी लावून पाहा. पहिले फिब्रिलेशन झाले, डिफिब्रिलेटरने बरोबर शॉक दिला, रुग्ण वाचला. त्या शॉकने पेसमेकर युनिपोलर झाला. दुसऱ्या फिब्रिलेशनच्या वेळी त्या मोठ्या स्पंदांनी डिफिब्रिलेटर बहिरा झाला. उपचाराच्या यशानेच पुढच्या अपयशाची तयारी केली. डिफिब्रिलेटर असलेल्या रुग्णाला युनिपोलर पेसमेकर बसवू नये, आणि राखीव अवस्थेतही जो बायपोलरच राहील असाच पेसमेकर निवडावा, हा नियम या अनुभवातून आला.

त्याच अनुभवातून तपासणीची एक रीतही ठरली. पेसमेकर मुद्दाम सर्वांत मोठ्या आवाजावर, न ऐकता स्पंद सोडत राहील अशा पद्धतीवर लावायचा. मग टेबलावर, सारी तयारी ठेवून, फिब्रिलेशन घडवायचे आणि डिफिब्रिलेटरला ते ओळखता येते का पाहायचे. वाईटातल्या वाईट परिस्थितीत ओळखता आले, तर घरीही येईल. शॉक दिल्यावर लगेच पेसमेकर तपासायचा: सेटिंग्ज टिकली का, ठोका पकडला जातो का. दोन्ही लीडची टोके हृदयात एकमेकांपासून शक्य तितकी लांब ठेवायची. नेहमीच्या आयसीडीसाठी अशी फिब्रिलेशन घडवून चाचणी आता सरसकट करत नाहीत. कॅनडाच्या नेतृत्वाखाली २,५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या सिंपल या अभ्यासात ती न केल्याने रुग्णांचे नुकसान झाले नाही, असे दिसले. तो निष्कर्ष मला मान्य आहे. पण तो एकट्या यंत्राबद्दलचा आहे. दोन यंत्रांच्या जोडीवर तो आपोआप लागू करू नये, असे मला ठामपणे वाटते.

एकाच डबीतही शेजार असतो, हे जाता जाता सांगायला हवे. दोन कप्प्यांच्या पेसमेकरची एक लीड अलिंदात, एक निलयात. अलिंदातला स्पंद निलयाच्या लीडला ऐकू आला तर तिला वाटते निलयाने ठोका दिला, आणि ती गप्प बसते. ज्याचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे तो चक्कर येऊन पडेल. म्हणून अलिंदात स्पंद सोडल्यावर निलयाचे कान क्षणभर मिटतात, आणि त्यानंतर लगेच काही संशयास्पद ऐकू आले तर गप्प न बसता सुमारे ११० मिलिसेकंदांनी निलयात सुरक्षेचा एक स्पंद टाकतात. शंका आली तर ठोका द्यावा, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

१९९० च्या दशकात आयसीडीतच पेसिंग आले आणि दोन यंत्रांची एक डबी झाली. शॉक देणारा आणि स्पंद सोडणारा आता एकाच घड्याळावर चालू लागला, एकाला दुसऱ्याची वेळ ठाऊक झाली. जोडीचा प्रश्न संपल्यासारखा वाटला. मग तो परत आला, आणि त्याचे कारण लीड. शिरेतून हृदयात जाणारी ही तार दिवसाला लाखभर वेळा वाकते, वर्षानुवर्षे. ती तुटते, तिचे आवरण झिजते, तिला जंतुसंसर्ग झाला तर तो थेट रक्तात जातो, आणि जुनी झालेली लीड ओढून काढताना शीर किंवा हृदय फाटू शकते. २००७ मध्ये एका कंपनीने तुटण्याचे प्रमाण जास्त आढळल्याने आपली एक लीड बाजारातून मागे घेतली. तेव्हा ती जगभर अडीच लाखांहून अधिक लोकांच्या अंगात होती.

लीडच नको, या विचारातून दोन नवी यंत्रे निघाली. एक, कातडीखालचा आयसीडी. डबी डाव्या काखेखाली, इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाशेजारी, हृदयाला काहीही टेकत नाही. गस्ट बार्डी आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये मांडले, अमेरिकेत तो २०१२ मध्ये मंजूर झाला. दुरून शॉक द्यायचा म्हणून त्याला ८० ज्यूल लागतात. त्याला शॉकनंतरचे जेमतेम अर्धा मिनिट सोडता पेसिंग येत नाही. दुसरे, लीडशिवायचा पेसमेकर. मांडीच्या शिरेतून नळीने थेट उजव्या निलयात नेऊन सोडायचा, २ ग्रॅम वजनाचा, अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा. कुत्र्यांत असा प्रयोग १९७० मध्येच झाला होता. माणसांत तो २०१२ च्या अखेरीस आला, आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये प्रथम बसवला गेला.

कातडीखालचा आयसीडी असलेल्या रुग्णाला पुढे पेसिंग लागले, तर साहजिकच लीडशिवायचा पेसमेकर सुचतो. म्हणजे मिरोव्स्कींच्या काळातली जोडी पुन्हा जमली. या वेळी परिस्थिती काही बाबतीत बरी आहे. छोट्या पेसमेकरचे दोन्ही इलेक्ट्रोड त्याच्याच अंगावर, इतके जवळ असतात की त्याचा आवाज बाहेर फारसा पोचत नाही. पण काही बाबतीत अवघडही आहे. कातडीखालचा आयसीडी ठोक्याच्या आकारावरून लय ओळखतो, आणि पेसिंगच्या ठोक्याचा आकार नैसर्गिक ठोक्याहून वेगळा असतो. त्याला दोन्ही चेहरे ओळखता आले पाहिजेत. शिवाय ८० ज्यूलचा शॉक त्या इवल्या यंत्रावरून जाणार. हे आधी प्राण्यांत तपासले गेले, मग माणसांत.

मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची पायरी. इतकी वर्षे प्रयत्न होता तो शेजाऱ्याचा आवाज कानांआड करण्याचा. आता तोच आवाज निरोप म्हणून वापरायचा ठरले. कातडीखालच्या आयसीडीला वेगवान लय दिसली की तो छातीतून बारीक विद्युत् संकेत पाठवतो, हृदयातला पेसमेकर तो ऐकतो आणि वेगाने काही स्पंद सोडून ती लय मोडण्याचा प्रयत्न करतो. जमले तर शॉकची गरजच उरत नाही. न जमले तर आयसीडी शॉक देतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉड्युलर एटीपी या अभ्यासात निरोप पोचण्याची चाचणी जवळपास ९९ टक्के यशस्वी झाली, आणि अशा पेसिंगने सुमारे ६१ टक्के वेळा लय मोडली. बोलणे मात्र एकतर्फी आहे. आयसीडी सांगतो, पेसमेकर ऐकतो.

दुतर्फी बोलणारी जोडीही आली आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या अवेअर डीआर या पद्धतीत एक छोटा पेसमेकर अलिंदात, दुसरा निलयात असतो, आणि दोघे प्रत्येक ठोक्याला एकमेकांना खबर देतात. खबर जाते रक्तातून आणि स्नायूंतून, हृदयाला जाग येणार नाही इतक्या हलक्या स्पंदांनी. तीनशे रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ९७ टक्के रुग्णांत किमान ७० टक्के ठोके दोन्ही कप्प्यांत जुळून पडत होते. उठता-बसता दोघांमधले अंतर आणि दिशा बदलतात, त्यामुळे कधी एखादी खबर हुकते. ती हुकली तर काय करायचे हेही दोघांना आधीच शिकवलेले असते.

पेसमेकर आणि आयसीडी यांच्यापलीकडचे शेजारीही आहेत. अशक्त हृदयाचे आकुंचन सुधारण्यासाठी एक यंत्र ठोक्यानंतरच्या निद्रिस्त क्षणी सात-साडेसात व्होल्टचा, वीसेक मिलिसेकंदांचा सिग्नल देते. या रुग्णांना बहुधा आयसीडीही असतो, म्हणून तो सिग्नल आयसीडीला ठोका वाटत नाही ना, हे बसवतानाच तपासावे लागते. हृदयाला मदत करणाऱ्या पंपांमुळे काही जुन्या आयसीडींचा बाहेरच्या प्रोग्रॅमरशी संपर्कच होईना. पार्किन्सनसाठी मेंदूत बसवलेल्या उत्तेजकाची डबीही कॉलरबोनखालीच असते, आणि शॉकने त्याचीही सेटिंग्ज विस्कटू शकतात. बाहेरून द्यायचा शॉकही याच गणतीत येतो. पॅड डबीवर ठेवू नये, किमान ८ सेंटिमीटर लांब ठेवावे, आणि नंतर यंत्र तपासल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

आपल्याकडे हे सारे अधिक गुंतागुंतीचे होते ते पैशामुळे. ही यंत्रे महाग, विमा सर्वांकडे नाही, आणि जिथे परवडेल तिथे माणूस जातो. मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतून आलेले, आधीच्या रुग्णांच्या अंगातून काढून निर्जंतुक केलेले आयसीडी गरीब रुग्णांना बसवले गेले. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला, आणि ती यंत्रे त्या रुग्णांत सुरक्षितपणे काम करत असल्याचे दिसले. त्या डॉक्टरांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण अशा व्यवस्थेत एका छातीत वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पिढ्यांची यंत्रे आणि लीड भेटण्याची शक्यता अधिक, हेही खरे. म्हणून यंत्राचे कार्ड पाकिटात ठेवा, दुसरे यंत्र सुचवले गेले तर पहिल्याचे कार्ड आधी टेबलावर ठेवा, आणि दोन्ही एकत्र तपासणार का, कोण तपासणार, हे स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

या पुस्तकाचा पहिला भाग हे घोळ एकेक करून उलगडतो, दुसरा भाग ते टाळायच्या रीती सांगतो. दोन प्रश्न मात्र त्यात अजून मोकळेच आहेत. एका कंपनीची यंत्रे एकमेकांशी बोलतात, पण दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी नाही. आणि छोट्या पेसमेकरची बॅटरी आठ-दहा-पंधरा वर्षांनी संपेल तेव्हा काय? काही प्रकार काढता येतील असे बनवले आहेत. काही पेशींच्या आवरणात इतके गुरफटतात की ते बंद करून हृदयातच ठेवायचे आणि शेजारी नवा बसवायचा असे सुचवले जाते. तिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत असे दोनदा, तीनदा होईल. बंद केलेली यंत्रे आणि चालू यंत्र एकाच निलयात, प्रत्येक ठोक्याला हलणारी, कदाचित एकमेकांना घासणारी. ज्यांना ही यंत्रे पहिल्यांदा बसवली त्यांच्या बॅटऱ्या आत्ता कुठे संपत आल्या आहेत.